डोळ्यांची साक्ष

कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर आहे, असे सांगून आमच्या पूर्वजांनी खरेखोटे ठरविण्याचा अधिकार डोळ्यांना देऊन टाकला. परंतु डोळे स्वतःविषयी जी साक्ष देतात ती कोणी तपासावयाची, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. आम्हांलाही तो वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्र हाताच्या लांबीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा एवढ्याच हेतूने आम्ही नेत्रवैद्यांकडे गेलो. नव्या भिंगांतून तक्त्यावरील शेवटची ओळ आम्ही घडाघडा वाचली आणि शाळेतल्या पोराप्रमाणे शाबासकीची वाट पाहू लागलो. डॉक्टरांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी डोळ्यांतील दाब मोजला. मग औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या व प्रकाश टाकून आत बराच वेळ पाहिले. जिवंत डोळ्याच्या तळाशी डोकावण्याची ही सोय हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली करून दिली. दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असावा. आमच्या उजव्या डोळ्यात तो २८ भरला.

दुसऱ्या दिवशी एका यंत्रात हनुवटी टेकवून आम्हांस बसविले. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहत राहावयाचे, आणि कडेला कोठे प्रकाश लुकलुकला की बटण दाबावयाचे. मध्यंतरी बराच वेळ काहीच दिसेना, तेव्हा यंत्र बिघडले असावे अशी आमची खात्री झाली. पण छापून आलेल्या नकाशात उजव्या डोळ्यापुढे, नाकाच्या बाजूस, एक काळा डाग होता.

या रोगास काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर करता येतो. काचबिंदूत मात्र दृष्टीचा मज्जातंतूच झिजतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. रोज थेंब घालून दाब उतरवावयाचा व उरले आहे ते राखावयाचे, एवढेच हाती राहते. वेदना नसते, कडेची दृष्टी आधी जाते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा व मेंदू मिळून अशी भरून काढतात की धन्यास पत्ता लागू नये.

हे ऐकताना आम्हांस आमचे वडील आठवले. अखेरच्या वर्षांत नानांचा हात लागून ताटाशेजारचे पाण्याचे भांडे लवंडे, उंबरठ्यास ठेच लागे. "लक्ष कोठे असते तुमचे?" असे आम्ही त्यांस कितीदा तरी दरडावले. त्यांचे डोळे कधी तपासले नाहीत, म्हणून निश्चित काही सांगता येत नाही. पण हा रोग रक्ताच्या नात्यांत उतरतो, असे डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हापासून ते भांडे आमच्या मनात पुनःपुन्हा लवंडते आहे.

वाईस थोरले बंधू असतात. त्यांस पत्र लिहून तपासणीचा आग्रह केला. उत्तर आले : "मी अजून सुईत दोरा ओवतो. उगीच काळजी करू नकोस." दोरा ओवावयास मधली दृष्टी लागते, ती तर बहुधा शेवटी जाते. येत्या रविवारी आम्ही स्वतः जाऊन दादांना घेऊन येणार आहोत. ते रागावतील. तो राग आम्ही निमूटपणे सोसू. नानांनीही आमचा सोसलाच होता.