ओहायोंतील लोहारांचा बाजार

अमेरिका म्हटली कीं गगनचुंबी इमारती आणि अहोरात्र चालणारे कारखाने आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. त्याच देशांत भाता, ऐरण आणि घण यांचीहि जत्रा भरते, आणि तिला लोक दूरदूरच्या गांवांहून गाड्या भरून येतात, असें कोणीं सांगितल्यास वाचकांस तें सहसा खरें वाटणार नाहीं. परंतु ओहायो संस्थानांतील ट्रॉय या गांवीं सप्टेंबर महिन्यांत अशी जत्रा कित्येक वर्षें भरत आली आहे.

ट्रॉय हें ग्रेट मायामी नदीच्या कांठचें आटोपशीर गांव. राइट बंधूंचें डेटन शहर येथून दक्षिणेस सुमारें 20 मैलांवर. भोंवतालीं मका आणि सोयाबीन यांचीं सपाट शेतें पसरलेलीं. जिल्ह्याचें शेतीप्रदर्शन ज्या मैदानावर भरे, तेंच मैदान लोहारांच्या या मेळ्यास मिळालें. शेजारशेजारच्या चार संस्थानांचा मेळा म्हणून त्याला 'क्वाड-स्टेट' हें नांव पडलें.

मैदानांत शिरतांच दगडी कोळशाच्या धुराचा वास येतो. मोटारगाड्यांच्या मागल्या फळ्या पाडून त्यांवर जुन्या ऐरणी, हातोडे आणि सांडशा मांडलेल्या असतात. ओहायोच्याच कोलंबस शहरीं पूर्वीं घडविल्या जाणाऱ्या 'ट्रेंटन' छापाच्या ऐरणींना अद्यापि मान आहे. घेणारा ऐरणीवर लहान हातोडी टाकून तिची उसळी पाहतो आणि नाद ऐकतो. माठ घेतांना आपण टिचकी मारून पाहतों, तसाच हा प्रकार!

या बाजारांत पैसा चालतो, तशी अदलाबदलहि चालते. तींतला एक सौदा सांगण्याजोगा आहे. लोहारास 'स्वेज ब्लॉक' नांवाचा बिडाचा जाड चौकोनी ठोकळा फार उपयोगी पडतो. त्याच्या कडांना लहानमोठ्या अर्धगोल व त्रिकोणी खाचा, मध्यें आरपार भोकें, आणि पाठीवर पळीच्या वा चमच्याच्या आकाराचे खळगे असतात. तापलेलें लोखंड खाचेंत ठेवून वरून घाव घातला कीं तें खाचेचा आकार घेतें. असा ठोकळा एकट्या माणसास घणानें घडवितां येत नाहीं. तो ओतावाच लागतो.

एका लोहारास आपल्या पळीचा खळगा आपल्याच मनाजोगा हवा होता, म्हणून त्यानें लाकडाचा नमुना स्वतः कोरून आणला होता. ओतारी तो उलटसुलट करून न्याहाळीत होता. बीड थिजतांना फुटामागें सुमारें अष्टमांश इंच आटतें. तेव्हां नमुना तेवढा मोठा हवा. शिवाय वाळूच्या सांच्यांतून तो अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजू किंचित् उतरत्या हव्यात. या नमुन्याच्या बाजू सरळ होत्या. ओताऱ्यानें त्यावर बोट ठेवलें. लोहारानें मान डोलावून कानस काढली.

मोबदला काय ठरला? दोन दारांच्या घडीव बिजागऱ्या आणि भट्टींतून मूस उचलण्याची एक लांब सांडशी. बीड कठीण खरें, पण ठिसूळ. त्याची सांडशी ऐन वेळीं मोडेल. ती घडीवच पाहिजे. म्हणजे ओताऱ्याचें लोहारावांचून अडतें आणि लोहाराचें ओताऱ्यावांचून! ठोकळ्याचा ठिसूळपणा मात्र आतां बराच टाळतां येतो. वितळलेल्या बिडांत थोडें मॅग्नेशियम मिसळल्यास आंतील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या गोळ्या होतात, हा शोध 1948 सालीं जाहीर झाला; असे ठोकळे आतां पुष्कळदां त्या बिडाचेच ओततात.

या स्नेहांत एक गंमत आहे. कारखान्याच्या ओतीव मालानेंच एके काळीं लोहाराच्या पोटावर पाय आणला होता. घोडा जाऊन ट्रॅक्टर आला आणि अमेरिकेंतील भाते एकामागून एक थंड झाले. पुढें 1973 सालीं जॉर्जिया संस्थानांतील लम्पकिन येथें कांहीं लोहारांनीं एकत्र येऊन देशव्यापी संघ स्थापिला, तेव्हांपासून ही विद्या पुन्हां जोर धरूं लागली. आज ऐरणीपुढें उभे राहणाऱ्यांत कोणी शिक्षक असतो, कोणी यंत्रज्ञ, कोणी शेतकरी. हें काम त्यांनीं आपण होऊन पत्करलेलें असतें.

येथें आपल्या गांवगाड्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आपला लोहारहि बारा बलुतेदारांपैकीं एक. वर्षभर फाळ शेवटून द्यावा आणि सुगीला खळ्यावर धान्य न्यावें, ही त्याची रीत. तीहि अदलाबदलच होती. परंतु ट्रॉयचा लोहार नमुना घेऊन उठून जाऊं शकतो. आपल्या लोहारास 'हा सौदा मला परवडत नाहीं' असें म्हणण्याची सोय नव्हती. त्याचें काम जन्मानें ठरलें होतें आणि पंक्तींतली जागाहि. पुढें 1910 सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणांहून लोखंडी नांगर शेतांवर गेले. शेतकऱ्याचें कल्याण झालें, पण लोहाराचें फाळाचें काम घटलें. त्याच्याविषयीं हळहळ वाटणारीं सुशिक्षित घरें किती होतीं, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

आज कोल्हापूर ओतकामासाठीं प्रसिद्ध आहे, आणि ऊंसतोडीचा कोयता अजून लोहाराच्या भट्टींत शेवटतो. पुढच्या खेपेस विळीला धार लावून घ्यावयास गेलां, तर त्या कारागिराशीं घासाघीस करण्याआधीं त्याच्या हत्यारांकडे एकवार नीट पाहा, आणि तीं त्यानें कोठून मिळविलीं हें त्याला विचारा. ऐकण्याजोगें त्याच्याजवळ पुष्कळ असतें. विचारणारें कोणी नसतें.