चौथीला गाळ

कादंबरीचा पहिला खर्डा गेल्या उन्हाळ्यात संपला. २१२ पानं. १९७२च्या दुष्काळातलं एक गाव, खडी फोडायच्या कामावर जाणारी अनसूया आणि तिचं घर. प्रिंट काढली, सुतळीनं बांधली आणि महिनाभर कपाटात ठेवून दिली. महिन्यानं सुतळी सोडली आणि तिसऱ्याच पानावर अडलो.

अनसूया विहिरीवर जाते. मी लिहिलं होतं, 'विहिरीच्या तळाशी आभाळाचा एक तुकडा विसरल्यासारखा पडून होता.' हे वाक्य मी दोन मित्रांना फोनवर वाचून दाखवलं होतं आणि दोघंही 'वा' म्हणाले होते. आता वाटलं, दीड कोस चालत आलेली बाई आभाळ कशाला बघेल? ती पाणी बघेल. वाक्य खोडलं. बऱ्याच खाडाखोडीनंतर त्या जागी आलं, 'तिनं वाकून पाहिलं. तीन घागरी निघतील. चौथीला गाळ.' आठ शब्द गेले, आठ आले. यात दुपार गेली. संध्याकाळी बायकोनं विचारलं, आज किती लिहिलंस? काय सांगणार!

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. खर्ड्यात गोष्ट सांगत होता अनसूयेचा दहा वर्षांचा मुलगा, 'मी' म्हणून. तो आभाळाचे तुकडे फार बघायचा. म्हणजे बघायचो मी. त्याला फक्त पुढे उभं केलं होतं. दस्तयेवस्कीनं 'गुन्हा आणि शिक्षा' आधी गुन्हेगाराच्या तोंडून 'मी' म्हणून लिहायला घेतली होती. १८६५च्या अखेरीस त्यानं लिहिलेलं बरंचसं जाळलं आणि तृतीयपुरुषी निवेदनात नव्यानं सुरुवात केली. हे आठवून मला धीर आला खरा, पण दोष 'मी'चा नव्हता. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' यमूच्या तोंडून सांगितली आणि पुरुषाच्या हातचा तो बाईचा 'मी' आजही खोटा वाटत नाही. तीही 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं. छापून गेलेला हप्ता माघारी बोलावता येत नाही. माझ्याकडे मात्र 'अंतिम', 'अंतिम २' आणि 'अंतिम खरं' अशा तीन फायली आहेत.

पोराला काढून टाकलं. मग चौथ्या प्रकरणासाठी आईला विचारायला गेलो.

आई त्या वर्षी लग्न होऊन आलेली, वीस वर्षांची. मी अजून जन्मायचा होतो. सुकडी, लाल मिलोची भाकरी, मुकादमाचं मस्टर, हे सगळं मी तिच्याकडूनच ऐकलेलं आणि चौथ्या प्रकरणात भरलेलं. मला एवढंच विचारायचं होतं की हातोडी बोटावर बसू नये म्हणून बायका काय करायच्या. ती म्हणाली, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बोटाला गुंडाळायचो. तेवढं सांगून झाल्यावर ती स्वतःशीच हसली. ''त्या कामावर आम्ही हसायचो किती रे! मुकादमाची नक्कल करायची तुझी मोठी काकू. तो पाठ वळवायचा अवकाश.''

मी वहीत लिहायचा थांबलो.

''अगं, दुष्काळ होता ना?''

''होता की. पण घरातनं बाहेर पडायला मिळत होतं. चार बायका भेटायच्या. आणि पगार आपल्या हातात पडायचा. तोवर चार आणे लागले तरी सासूबाईंकडे मागायचे.''

माझ्या २१२ पानांत एकही बाई हसली नव्हती. खडीच्या ढिगाऱ्यावर सगळ्या रडवेल्या बसलेल्या, कुणी तरी फोटो काढायला येणार असल्यासारख्या. दुष्काळ म्हणजे दुःख, हे मी कामावर न जाताच ठरवून टाकलं होतं. दुःख नव्हतं असं नाही. दावणीची जनावरं सोडून द्यावी लागली हे आईनंच सांगितलं, आणि ते सांगताना ती हसली नाही. पण दोन्ही एकाच दिवसात होतं, सकाळी ते आणि दुपारी हे.

त्यानंतरच्या कामाला मी दुरुस्ती म्हणत नाही. सलग चाळीस पानांचं स्थलांतराचं प्रकरण गेलं. ते माझं सगळ्यात आवडतं होतं. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी'त अख्खं गाव दुष्काळात रिकामं केलं, तेही छोटेखानी पुस्तकात. त्यानंतर मी चाळीस पानं गाड्या जुंपत बसावं, हे मलाच ओशाळवाणं वाटायला लागलं. काकूची नक्कल आली. पगाराच्या दिवशीचं प्रकरण नवं आलं; त्यात अनसूया पैसे मोजते, पुन्हा मोजते आणि त्यातले आठ आणे पदराच्या गाठीत वेगळे बांधते. ते कशासाठी, हे मला अजून ठाऊक नाही. कळेपर्यंत पुढचं प्रकरण लिहायचं नाही असं ठरवलंय. प्रकाशकांचा दिवाळीचा मुहूर्त त्यामुळे टळला, आणि त्यांचा फोन यायचाही बंद झालाय.

आज १४६ पानं आहेत. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज जेवणानंतर मी तिला एक प्रकरण वाचून दाखवतो. काल सातवं चालू असताना ती मध्येच झोपली. सातवं आज पुन्हा लिहायला घेतलंय.