अद्भुताची चूल

उतारवयाकडे झुकलेल्या, चारचौघांत शहाणा म्हणून गणल्या जाणाऱ्या आणि वीजबिलापासून वारसनोंदीपर्यंतचे सर्व कागद वेळच्या वेळी दप्तरी लावणाऱ्या गृहस्थाने चेटूक, बोलणारे उंदीर आणि शापित बेटे यांच्या गोष्टी चवीने वाचाव्यात, हे आपल्या समाजात अजूनही निरुपद्रवी व्यसनाच्या सदरात जमा धरले जाते. ज्या भरतमुनींनी अद्भुताला रसांच्या पंक्तीत मानाचे पान वाढले आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव ठरविला, त्यांनी रसिकाच्या वयाची अट कोठे घातल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा या वाचनाची कैफियत देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. अलीकडे वाचलेल्या, किंवा पुष्कळ काळाने पुन्हा हाती घेतलेल्या, काही अद्भुत कादंबऱ्या आणि चित्रकथा यांविषयी कोणाचाही मुलाहिजा न ठेवता चार शब्द लिहावेत, एवढाच येथे हेतू आहे.

कोणत्याही लेखकाने निर्मिलेल्या नव्या मुलखात पाऊल ठेवले की मी सर्वप्रथम तेथील चूल शोधतो. सिंहासनावर कोण बसला आहे, तलवारीचे नाव काय, आरंभीच्या नकाशात किती नद्या वाहतात आणि प्राचीन भाकितात कोणत्या अनाथ मुलाचा उल्लेख आहे, ही चौकशी मागाहून झाली तरी चालते. पण पाणी कोण भरते, मीठ कोठून येते, पाऊस कोसळू लागला म्हणजे माणसे काय करतात आणि युद्धावर गेलेल्या वीराची गुरे कोण राखतो, या प्रश्नांची उत्तरे ज्या मुलखात मिळत नाहीत, तो कितीही सुवर्णमय असला तरी मला तो नाटकाच्या रंगविलेल्या पडद्याइतकाच खोल वाटतो. विस्मयाला उभे राहण्यास सवयीची जमीन लागते. जेथे नेहमीचे असे काहीच नाही, तेथे अपूर्व असे काय घडणार?

या शास्त्राचे आद्य आचार्य टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो आणि वाचक आत असेतोवर ते जग आपल्या नियमांनी खरे असावे लागते. परंतु सिद्धान्तापेक्षा त्यांचे उदाहरण मला अधिक पटते. १९५४ आणि १९५५ या सालांत तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये राजे आहेत, वनदेवता शोभतील अशा राण्या आहेत आणि पर्वतप्राय संकटे आहेत, पण पुन्हा वाचताना माझे मन गुंतून राहिले ते सॅम नावाच्या माळ्यापाशी, जो जगाच्या विनाशाकडे चालत जातानाही मिठाची डबी जवळ बाळगतो, शत्रूच्या सीमेवर सशाचे कालवण रांधतो आणि अखेरीस ओझे सोसवेना तेव्हा आपली भांडी दरीत टाकून देतो. त्या भांड्यांचा खणखणाट मला कोणत्याही युद्धातल्या रणवाद्यांपेक्षा अधिक हृदयद्रावक वाटला, कारण आता परतीच्या वाटेवर जेवण शिजणार नाही हे त्या साध्या माणसाला उमगले आहे, आणि त्याने ते आपल्यालाही उमगविले आहे. ग्रंथातील घराण्यांच्या वंशावळी मी मात्र आजही चाळूनच पुढे जातो.

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ सालची. हिचा नायक गेड पुढे महामांत्रिक होणार असला तरी आपल्याला प्रथम भेटतो तो डोंगराळ बेटावरचा, शेळ्या राखणारा, तांबूस वर्णाचा एक उनाड पोर म्हणून. आणि त्याच्या आयुष्यातला पहिला मंत्र हा छपरावर चढलेल्या शेळीला खाली बोलावण्यासाठी त्याच्या मावशीने म्हटलेला, त्याने चोरून ऐकलेला आणि अर्थ न जाणता उच्चारलेला मंत्र असतो, ज्याच्या प्रभावाने गावच्या शेळ्या त्याच्याभोवती अशी दाटी करतात की पोराची भीतीने गाळण उडावी. त्याचा गुरू ओगियन पावसाला दूर सारण्याचे सामर्थ्य असूनही झाडाखाली मुकाट्याने भिजत पडतो, कारण येथून हटविलेला पाऊस दुसरीकडे कोठेतरी कोसळणार, याची त्याला जाणीव आहे. सामर्थ्य आणि संयम यांचे नाते इतक्या थोडक्या पानांत, इतक्या ओल्या अंथरुणावर, क्वचितच कोणी सांगितले असेल. पुढे १९९० साली आलेल्या ‘तेहानू’त तोच गेड सारी विद्या गमावून पुन्हा शेळ्या राखू लागतो. हा भाग नीरस आहे अशी कित्येकांची तक्रार असते. माझ्या मते या मालिकेतले सर्वांत धैर्याचे पुस्तक तेच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चूल हवी म्हणजे भाषाही चुलीपुढची गप्पांची चालेल, असा याचा अर्थ नव्हे. ले ग्विन यांनीच १९७३ साली एका निबंधात असे बजावले होते, की ज्या अद्भुतकथेतील संभाषण चार नावे बदलून आजच्या राजकारण्यांच्या तोंडी सहज घालता येते, ती कथा अद्भुताच्या प्रदेशात गेलेलीच नसते. जीवन नित्याचे असावे, वाणी मात्र त्या मुलखाची असावी, आणि हे दुहेरी पथ्य सांभाळणे फार थोड्यांना साधते.

ज्यांना ते साधले नाही त्यांचे ग्रंथ बहुधा लांबीने ती उणीव भरून काढतात. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेचा पहिला खंड १९९० साली निघाला आणि चौदावा २०१३ साली. मध्यंतरी २००७ मध्ये लेखक निवर्तले आणि शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी पूर्णत्वास नेले. आरंभीचे खंड मी आनंदाने वाचले हे कबूल. परंतु पुढे पुढे वस्त्रांचे काठ, वेण्यांना दिलेले हिसके आणि मसलतींमागून मसलती यांची एवढी गर्दी होते, की २००३ च्या दहाव्या खंडात शेकडो पाने उलटूनही कथेचा मुक्काम हलत नाही. यावर कोणी म्हणेल, की हाच तर तुम्हांला हवा असलेला नित्याचा तपशील! पण तपशील म्हणजे जीवन नव्हे. जप्तीच्या पंचनाम्यातही घरातील प्रत्येक भांडे नोंदलेले असते, आणि तरीही तो वाचून त्या घरात कोण कसे जेवत होते हे कळत नाही. स्वतः सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये वेगवेगळे धातू गिळून वेगवेगळ्या शक्ती प्राप्त करण्याची योजना मोठ्या चातुर्याने रचलेली आहे, जमाखर्च पैशापर्यंत जुळतो, मात्र जेथे चमत्काराची रुजुवात इतकी चोख होते तेथे भय आणि कुतूहल ही दोन्ही रजेवर जातात. याउलट जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीमालिकेतील मेजवान्यांची कितीही थट्टा होवो, त्यांच्या कथेत हिवाळा येऊ घातला आहे आणि म्हणून कोठीतील धान्याची मोजदाद हीच राजनीती आहे. २०११ च्या पाचव्या खंडातील कोठाराच्या पाहणीचा प्रसंग मला तेथील रक्तपातापेक्षा अधिक भीषण वाटला. त्या खंडानंतर सहावा अद्याप आलेला नाही, आणि वाचकाला मुक्कामाला पोहोचविणे हे लेखकाचे देणे आहे, असे माझे जुन्या वळणाचे मत आहे.

सुझाना क्लार्क यांची २०२० सालची ‘पिरानेसी’ मात्र मुक्कामाला पोहोचते, आणि तेही अडीचशेच्या आसपास पानांत. अनंत दालनांचे एक मंदिरवत घर, खालच्या मजल्यात समुद्राची भरती, वरच्या मजल्यात ढग, भिंतीभिंतीला पुतळे, आणि या भव्य निर्जनतेत राहणारा एक माणूस, जो मासे पकडतो, शेवाळ वाळवितो, भरतीओहोटीची कोष्टके मांडतो आणि आपल्या रोजनिश्यांची सूची एखाद्या निष्ठावान कारकुनाच्या शिस्तीने राखतो. त्या दालनांत एके दिवशी अल्बाट्रॉस पक्ष्यांचे जोडपे घरट्याची तजवीज करू लागते, तेव्हा स्वतःला थंडीत कुडकुडावे लागेल हे पक्के ठाऊक असूनही तो आपल्या सरपणाचे वाळके शेवाळ त्यांना देऊन टाकतो, आणि ते वर्षच त्या पक्ष्याच्या आगमनाच्या नावाने ओळखू लागतो. गेल्या काही काळात वाचलेल्या ग्रंथांत पहिला मान मी निःसंकोचपणे या छोट्या पुस्तकाला देतो.

चित्रकथांकडे वळताना पंडितांच्या भुवया आणखी थोड्या वर जातात, पण अद्भुताच्या चुलीला चित्रासारखा सोयीचा आश्रय दुसरा नाही. ज्यासाठी गद्याला परिच्छेद खर्चावा लागतो, ते चौकटीच्या कोपऱ्यात सहज मांडता येते. जेफ स्मिथ या अमेरिकन चित्रकाराने १९९१ ते २००४ या काळात ५५ अंकांत स्वतःच लिहून, रेखाटून, बहुतांशी पदरमोड करून प्रसिद्ध केलेली ‘बोन’ ही काळ्यापांढऱ्या रेषांची कथा पाहावी. तीत हाडासारखे पांढरेफेक तीन चुलतभाऊ एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतात. तेथे गायींशी शर्यत लावून पळणारी एक दणकट आजी आहे, आणि दोन मूर्ख उंदीरराक्षस आहेत, जे हाती लागलेल्या भक्ष्याचे काय रांधावे यावर भांडत बसतात आणि तेवढ्यात भक्ष्य पसार होते. अखेरच्या तृतीयांशात मात्र लुप्त राजवंश, शाप आणि स्वप्नविद्या यांचा अंमल सुरू होतो, कथा आपल्या भारदस्तपणाने थोडी वाकते, आणि मला राहून राहून त्या गायींची आठवण होऊ लागते.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची १९८६-८७ मधील बारा अंकांची ‘वॉचमेन’ हिची थोरवी सर्वमान्य आहे; तिच्या नऊ चौकटींच्या काटेकोर पानांना मीही मान देतो. तरी तिच्यातील मुखवटेधारी वीर मला थंड वाटले, आणि खरा जिव्हाळा वाटला तो नाक्यावरच्या वृत्तपत्र विकणाऱ्या बडबड्या माणसाचा आणि त्याच्या दुकानाला टेकून, पैसे न देता, चाच्यांची चित्रकथा वाचत बसणाऱ्या मुलाचा. महानगरावर संहार कोसळतो तेव्हा लाखोंचा आकडा आपल्याला हलवीत नाही. ही दोन परकी माणसे शेवटच्या क्षणी एकमेकांना बिलगतात, ते हलविते. आणि माइक मिन्योला यांच्या ‘हेलबॉय’मधील १९९९ सालची एक अवघी दोन पानांची कथा तर माझ्या साऱ्या प्रतिपादनाचा सारांश आहे: नरकातून आलेला बाल-राक्षस प्रथम नाही-नाही म्हणत पॅनकेकचा घास खातो, त्याला तो आवडतो, आणि तिकडे पाताळात हाहाकार उडतो, की आता हे पोर आपल्याला कायमचे अंतरले!

माझ्या पिढीने चित्रकथेचे बाळकडू घेतले ते १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून. ली फॉक यांचा फँटम तेथे वेताळ होऊन मराठी बोलत असे. त्या अंकांविषयीची माया अजून कमी झालेली नाही. परंतु आज वाचताना हे नजरेतून सुटत नाही, की त्या अरण्यातील माणसे केवळ गोऱ्या वीराचा दरारा मानण्यासाठीच चौकटीत हजर असतात, त्यांना स्वतःचे घरदार आणि सुखदुःख जवळजवळ दिलेलेच नाही.

आपल्या वाङ्मयाचा प्रवास या दृष्टीने विलक्षण आहे. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ सालच्या ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत असे मांडले, की आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनात मनोरंजक असे काही नसल्याने रंजक ग्रंथ लिहू इच्छिणाऱ्याला अद्भुताचाच आश्रय करावा लागतो. या विधानाला हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहून जे उत्तर दिले, त्यात स्वयंपाकघर आणि माजघर यांचेच महाभारत झाले. उत्तर बिनतोड होते. पण त्यानंतर जणू वाटणीपत्रच झाले, चूल वास्तवाच्या वाट्याला गेली आणि अद्भुत मुलांच्या खोलीत पाठविले गेले. जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’त त्याला पुन्हा प्रौढांच्या बैठकीत आणले खरे, परंतु त्या प्रखर, पाषाणमय मुलखात मला वस्तीला घर मिळत नाही. वास्तविक ही वाटणी आपल्या आज्यांना मान्य नव्हती. श्रावणातल्या सोमवारी सांगितली जाणारी खुलभर दुधाची कहाणी आठवावी: राजाच्या हुकुमाने गावचे सारे दूध ओतूनही देवाचा गाभारा भरत नाही, आणि घरच्या लेकरांना व वासरांना आधी पाजून उरलेले खुलभर दूध घेऊन आलेल्या म्हातारीच्या हातून तो काठोकाठ भरतो. चमत्कार तिने प्रथम गोठ्यात जाऊन आपले काम उरकले म्हणूनच घडतो.

तेव्हा मराठीत अद्भुतकथा किंवा चित्रकथा रचू पाहणाऱ्या नव्या लेखकांना माझी विनंती एवढीच आहे, की नकाशे आणि वंशावळी यांना थोडे थांबू द्यावे, आपल्या नायकाला एक काम, एक भूक आणि एक शेजार द्यावा, आणि कथा आटोपशीर ठेवून ती पुरी करावी. वाचकांना सांगणे असे, की चौदा खंडांना हात घालण्यापूर्वी ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ वाचावी. ती आवडली नाही तर बाकीच्यांवर पैसे खर्चू नयेत.