'येतो' न म्हणता

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत आमचं बिऱ्हाड होतं. 1982 साली मी दहा वर्षांचा होतो. शेजारच्या वाड्यातल्या काकूंचे यजमान अचानक गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आजी समाचाराला निघाली. घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिनं मलाही बरोबर घेतलं. वाटेत एवढंच म्हणाली, "तिथं काही मागायचं नाही. आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही."

मला नवल वाटलं. एरवी बाहेर पडताना मी 'जातो' म्हटलं, तर हीच आजी दटावायची, "येतो म्हणावं." पण दुःखाच्या घरी पुन्हा अशाच कारणानं यायची वेळ नको, म्हणून तिथं तो शब्द गिळायचा आणि मुकाट्यानं उठायचं.

माजघरात सतरंजीवर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. आजी त्यांच्या शेजारी जाऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. बोलली काहीच नाही. बऱ्याच वेळानं तिनं काकूंच्या पाठीवर हात ठेवला. काकू रडायला लागल्या, तरी तो हात तसाच राहिला. 'रडू नकोस' असंही ती म्हणाली नाही. त्या शांत झाल्यावर हळू आवाजात विचारलं, "दोन घास पोटात गेलेत का?" काकूंनी मान हलवली. आजी स्वयंपाकघरात गेली, कुणीतरी आणून ठेवलेल्या डब्यातला पिठलं-भात ताटलीत कालवून आणला आणि समोर बसून तो त्यांना खायला लावला. तासाभरात तिच्या तोंडून निघालेलं ते एकच वाक्य. काकू मात्र पुढं कितीतरी वर्षं त्या दुपारविषयी सांगत असत.

आपल्या भाषेत 'कायावाचामने' असा एक शब्द आहे. शरीर, वाणी आणि मन तिन्ही एका ठिकाणी आणून एखादी गोष्ट करावी, हा त्याचा अर्थ. मला वाटतं, मनापासून बोलणं म्हणजे हेच. आजी हे कुठं शिकली नव्हती. त्या काळची रीतच माणसाला तिथवर घेऊन जायची. सांत्वन करायचं तर घरी जावं लागे, आणि घरी गेलं की शरीर आपोआप बोलायला लागे. लग्नाचं आमंत्रणही तसंच. अक्षतांची वाटी घेऊन घरातली दोन माणसं उन्हातान्हात दारोदार फिरायची. 'अवश्य या' या दोन शब्दांमागं त्यांची पायपीट उभी असायची.

तयार शब्द तेव्हाही होतेच. तारखात्याकडं शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांची यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. आपण क्रमांक सांगायचा, पलीकडं अख्खं वाक्य पोचायचं. पोस्टकार्डावर 'सा. न. वि. वि.' हा मायना छापल्यासारखा यायचा. पण हळदी-कुंकवाची बोटं लागलेलं कार्ड हातात पडलं, की वाचण्याआधीच घर हसायचं. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं, की आईचा हात थरथरायचा. ते कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. कागदालाही जणू देहबोली होती. शिवाय तार किंवा कार्ड यायचं ते माणूस येईपर्यंतची सूचना म्हणून. मागून एसटीनं माणूस यायचाच.

त्या रीतीत सगळंच चांगलं नव्हतं. येणारी प्रत्येक बाई काकूंना "कसं झालं गं?" विचारायची आणि त्यांना तीच हकिगत पहिल्यापासून सांगावी लागायची. काहीजणी दारातून मोठ्यानं गळा काढत यायच्या आणि बसल्यावर पाच मिनिटांत कोथिंबिरीच्या भावावर यायच्या. देह तिथं असे, मन नसे. दहा वर्षांच्या मलाही ते कळत होतं, मग काकूंना कळत नसेल का?

चार वर्षांपूर्वी माझे वडील गेले. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर शंभरावर संदेश आले. बहुतेकांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात. मी कुणालाच दोष देत नाही. मीही कितीजणांना तेच पाठवलं होतं, रिक्षात बसल्याबसल्या, सिग्नल सुटायच्या आत. पण त्या रात्री ते वाचताना कळलं, की डोळे ओळींवरून नुसते सरकताहेत. शब्द भावपूर्ण होता, पण तो उच्चारणारा आवाज नव्हता, पाठीवरचा हात नव्हता.

त्या शंभरांत एक ध्वनिसंदेश होता. माझा शाळेतला मित्र परदेशात असतो, त्याचा. सुरुवातीला काही सेकंद नुसता श्वास ऐकू येतो. मग तो म्हणतो, "काय बोलू रे... मला सायकल काकांनी शिकवली. मागून धरलंय म्हणाले आणि कधी सोडलं ते कळलंच नाही." पुढं घसा खाकरल्याचा आवाज येतो आणि संदेश संपतो. त्या रात्री मी पहिल्यांदा रडलो. तो संदेश अजून जपून ठेवलाय.

भारतातली तारसेवा 14 जुलै 2013 ला थांबली आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायची सोय आली. एका दाराला कडी लागली, तेव्हा दुसरं किलकिलं झालं होतं. आपणच त्यातून फारसे गेलो नाही.

व्याख्यानांतून एक आकडेवारी नेहमी ऐकायला मिळते : संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38, देहबोलीचा 55. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या अभ्यासांतले आहेत, पण ते सगळ्या बोलण्याला लागू नाहीत. प्रश्न भावनेचा असेल आणि शब्द एक सांगत असताना आवाज नि चेहरा दुसरंच सांगत असेल, तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरतेच ते होते. शब्द कमी मोलाचे, असं त्यातून निघत नाही. आजीचं 'दोन घास' आणि मित्राची सायकल हे शब्दच होते. त्यांना आवाज आणि शरीर दुजोरा देत होतं, म्हणून ते पोचले.

पूर्वी रीत आपल्याकडून हे करून घ्यायची. आता ते आपल्यालाच ठरवून करावं लागतं. मी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. जाता येत असेल तर जायचं. नसेल तर आवाज पोचवायचा. आणि गेलेल्या माणसाची, मला स्वतःला आठवणारी एकतरी गोष्ट सांगायची.

मागच्या महिन्यात कचेरीतल्या मैत्रिणीची आई गेली. मी बोलून ध्वनिमुद्रित केलं, ऐकलं आणि पुसलं. सफाईदार झालं होतं, निवेदकासारखं. दुसरंही पुसलं, तिसरंही. चौथ्यांदा मध्येच अडखळलो. मावशींनी एकदा मला डब्यातून आंबोळ्या पाठवल्या होत्या, ते आठवलं आणि आवाज चिरकला. तो तसाच पाठवला.

आठवड्यानं तिच्या घरी गेलो. बोललो थोडं, बसलो बराच वेळ. तिनं आईचा चष्मा आणून दाखवला. मी तो हातात घेतला आणि परत तिच्या हातात ठेवला. दारात चपला घालताना सवयीनं 'येतो' जिभेवर आलं. ते तिथंच थांबवलं आणि जिना उतरलो.