मुंग्या

रविवारी सकाळी चित्र आणायचं काम दादाचं. डोंबिवलीतली आमची चाळ, वरळीचा टॉवर लांब. दादा कौलांवर चढून अँटेना धरायचा, मी खाली अंगणात, आणि काकूंच्या खोलीत शटरच्या टीव्हीसमोर चाळीतली झाडून सगळी पोरं.

"आलं का?"

"मुंग्या आहेत!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं!"

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. मालिका अमेरिकेत 1966 ते 1969 या काळात झालेली, पण आमच्यासाठी ताजी होती. इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हतं. कॅप्टन कर्क म्हणजे 'कप्तान', स्पॉक म्हणजे 'कानवाला'. टीव्ही कृष्णधवल, पण काकूंनी काचेपुढे तेव्हा मिळायचा तो रंगीत प्लास्टिकचा कागद लावला होता: वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. त्यामुळे कप्तानाचे केस निळे, नाक तांबूस आणि सदरा हिरवा. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटायचं नाही.

पुढे रंगीत टीव्ही आला, चाळ सुटली, दादा न्यू जर्सीला गेला. मी नोकरीला लागल्यावर एका दुकानातून या मालिकेच्या डीव्हीडी घेतल्या. स्वस्त मिळाल्या म्हणून खूश होतो. लावल्यावर कळलं की एकेका 4.7 जीबीच्या तबकडीत पन्नास-पन्नास मिनिटांचे आठ भाग कोंबले होते. कोणी धावलं की चेहऱ्याचे चौकोनी तुकडे व्हायचे, अंधारातली भिंत फरशीसारखी दिसायची. मुंग्या गेल्या होत्या, त्यांच्या जागी ठोकळे आले होते. दोन भाग पाहिले आणि डबा माळ्यावर टाकला.

काही वर्षांनी दादा सुट्टीत आला तेव्हा बॅगेतून ब्लू-रेचा संच काढून त्याने माझ्या हातात दिला. "बघ, आता अँटेना धरायला लागणार नाही." तो परत गेल्यावर एका रविवारी मुद्दाम सकाळीच लावला.

पहिलं भांडण चौकटीवरून. चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं, चारास तीन. आमचा टीव्ही रुंद. दोन्ही बाजूंना काळे पट्टे. बायको म्हणाली, "एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळं बघायला? ओढून मोठं कर." केलं. कानवाला एकदम खात्यापित्या घरचा दिसायला लागला. तिनेच हसून रिमोट काढून घेतला आणि चित्र होतं तसं केलं.

मग मी पडद्याजवळ गेलो आणि चरकलो. स्पॉकच्या गालावर मुंग्या! बारीक, पण वळवळणाऱ्या. एवढी महागाची चकती, आणि परत तेच? मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो, नॉइज रिडक्शन सापडलं, ते शेवटपर्यंत वाढवलं. मुंग्या झटक्यात नाहीशा झाल्या. चित्र स्वच्छ झालं. पाच-दहा मिनिटं मी समाधानाने पाहिलंही. मग जाणवलं की कप्तानाच्या कपाळावर एकही आठी नाही. गाल मेणाचे, केस रंगवल्यासारखे, कापडाचा पोत गायब. चेहरा जत्रेतल्या मेणाच्या पुतळ्यासारखा. मी नॉइज रिडक्शन बंद केलं. मुंग्या परतल्या, आणि त्यांच्याबरोबर आठ्या, पापण्या, स्पॉकच्या कानाची चिकटवलेली कडसुद्धा.

त्या रात्री वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. ही मालिका 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेली. फिल्मवरचं चित्र बनतं तेच रासायनिक कणांचं. सेकंदाला 24 चौकटी, प्रत्येक चौकटीत कण वेगळ्या जागी, म्हणून ते वळवळताना दिसतात. अँटेनाच्या मुंग्या म्हणजे चित्र पोहोचलं नाही याची खूण. या मुंग्यांचंच तर चित्र झालेलं. त्या झाडून काढल्या तर त्यांच्याबरोबर चेहराही जातो.

हे कळल्यावर बघण्याची तऱ्हाच बदलली. अवकाशयान दिसलं की कण एकदम दाट होतात. कारण यान एका फिल्मवर, तारे दुसऱ्या फिल्मवर, आणि दोन्ही एकावर एक छापून तिसरी. दर छपाईला कणांची भर. पुढे या दृश्यांसाठी संगणकावर नवं यान तयार केलं गेलं, आणि चकतीवर जुनं की नवं ते आपण निवडायचं. नवं यान चकचकीत आहे, एक डाग नाही. पण त्याच्या पुढच्या क्षणी कप्तानाची खोली येते ती कणांची, आणि यान आगंतुक वाटतं. मी जुनंच ठेवलं.

एवढ्या स्पष्टपणाची किंमतही मोजावी लागते. एका भागात कर्क आणि खलनायक खान यांची मारामारी चालली असताना मला दोन अनोळखी माणसं भांडताना दिसली. कर्क आणि खान, दोघांचे डमी! साठच्या दशकातल्या धूसर काचेवर ते खपून जायचं, ब्लू-रेच्या 1080 ओळींत नाही.

फिल्म जपली होती म्हणून एवढं तरी मिळालं. पुढची मालिका, 'द नेक्स्ट जनरेशन', फिल्मवरच चित्रित झाली, पण जोडकाम आणि यानांच्या दृश्यांची जुळणी व्हिडिओ टेपवर. त्यामुळे ब्लू-रे करताना मूळ फिल्मची रिळं शोधून सगळे भाग नव्याने जोडावे लागले. आणि जे पहिल्यापासून टेपवरच झालं, त्याला मागे जायला रीळच नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टेपवर चित्राच्या ओळी फार तर 576. त्यापलीकडे कितीही महाग टीव्ही आणा, बाहेर काढायला आत काही नसतं.

पण वाचताना मला खरं हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. रंगीत पडद्यावर कप्तानाचा सदरा सोनेरी दिसतो. जगभर तो सोनेरीच समजला जातो. प्रत्यक्षात ते मखमली कापड पोपटीकडे झुकणारं हिरवं होतं. सेटवरच्या दिव्यांत आणि फिल्मवर ते सोनेरी उमटलं. त्याचाच आडवा गुंडाळून घालायचा दुसरा सदरा वेगळ्या कापडाचा होता, तो मात्र पडद्यावर हिरवाच दिसतो. म्हणजे साऱ्या रंगीत टीव्हींना जे धड दिसलं नाही, ते काकूंच्या प्लास्टिकच्या कागदाला दिसत होतं. चुकून, पण बरोबर.

हे सांगायला लगेच दादाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. सदऱ्याचं ऐकून तो इतका हसला की वहिनी विचारायला आली. मग म्हणाला, "बाकी चित्र कसं आहे?"

"मुंग्या आहेत."

पलीकडे क्षणभर शांतता.

"चढू का वर?"

"नको," मी म्हटलं. "आलंय."