हौसेची शिलाई आणि अंगाची कुरकुर

शिंप्याची पाठ दुखली तर घर हलतं, कारण तो कमावता. आमच्यासारख्या हौसेने शिवणाऱ्या बायकांची मान धरली, तर प्रश्न ठरलेला: “कुणी सांगितलं होतं?” खरंच, कुणी सांगितलेलं नसतं. सकाळची शाळा सुटते, जोहर होते, भांडी आवरतात, आणि मिरजेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या तरी सोप्यात चटई अंथरली जाते. आम्ही पाचजणी. दोघी शिक्षिका, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. जुन्या साड्यांच्या आणि ओढण्यांच्या वाकळी, नातवंडांची झबली, कुरआन शरीफसाठी जुजदान, ईदच्या आधी पोरींचे शरारे. पैसे कुणी घेत नाही. म्हणून दुखण्याची तक्रार करायचा हक्कही नसल्यासारखा, आणि इलाज होतो तो गुपचूप, स्वयंपाकघरातल्या डब्यांतून.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. लांबलांबून माणसं इथे उपचाराला येतात. आणि आम्ही त्याच गावात मिठाची पोटली तव्यावर गरम करत बसतो. यात हसण्यासारखं काही नाही. मान आखडली, खांदे भरून आले, तर मिठाची किंवा ओव्याची पोटली खरोखर आराम देते. ऊब लागली की ताठरलेले स्नायू सैल पडतात. लसूण घालून कडकडवलेलं तिळाचं तेल, युनानी दुकानातलं रोगन-ए-सुर्ख, निलगिरीचं तेल, प्रत्येक घराचं आपलं एक. आमचं मत विचाराल तर तेलाच्या नावापेक्षा ते चोळणारा हात महत्त्वाचा. मुलगी दहा मिनिटं मायेने पाठ चोळते तेव्हा कुठलंही तेल चालतं. मात्र मुरगळलं असेल, सूज ताजी असेल, तर पहिले दोन दिवस शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ बरा.

पण शेकून परत त्याच जागी तसंच बसायचं, याला काय अर्थ? वाकळ घालताना बाई जमिनीवर बसते, एक गुडघा वर, मान खाली, कंबर वाकलेली, आणि धावदोऱ्याच्या ओळी काठाकडून आत सरकत जातात. तास कधी गेला ते कळत नाही. आमच्यातल्या एकीने मांडीवर तक्क्या घेऊन त्यावर काम उचलून धरायला सुरुवात केली, तेव्हा मान किती कमी झुकते ते दिसलं. हातमशीन पाटावर ठेवून चालवणारीने ते टेबलावर नेलं आणि खुर्ची घेतली. उठायचं कधी, यावर बराच वाद झाला. असरच्या अजानला सगळ्याच उठतात, पण जोहर ते असर हा काळ पाठीसाठी फार मोठा. शेवटी ठरलं ते असं: मशीनवालीने बॉबिन संपली की उठायचं, हाताने शिवणारीने सुईतला दोरा तीनदा संपला की उठायचं. घड्याळ बघावं लागत नाही.

बोटांची गोष्ट वेगळी. वाकळीचे थर जाड, सुई वरून ढकलायची आणि खालच्या हाताने टोक चाचपायचं. डाव्या हाताच्या बोटांना चाळणी होते. अंगुश्ताना घालायला तरुण पोरी लाजतात, त्यांना तो म्हातारपणाचा वाटतो. सुई ओढताना बोटं दुखतात त्यावर उत्तम उपाय म्हणजे फुटलेल्या फुग्याचा तुकडा. चिमटीत धरून सुई ओढा, रबराची पकड बसते, जोर निम्मा लागतो. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला तर तोही अडकत नाही.

टोचलं की हळद लावायची ही जुनी सवय. आधी साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. खरं काम साबण करतो. मसाल्याच्या डब्यातल्या हळदीत किती ओले हात गेलेले असतात ते आपल्यालाच माहीत. धनुर्वात गंजामुळे होतो असं आपण समजतो, पण त्याचे जंतू मातीत, धुळीत असतात. चकचकीत सुईही जमिनीवर पडलेली असू शकते. शाळेत आमच्या मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीचं इंजेक्शन मिळतं. मोठ्यांनाही दर १० वर्षांनी ते लागतं. तुमचं शेवटचं कधी झालं? बहुतेकींचं बाळंतपणातलं असतं, आणि ते बाळ आता कॉलेजात असतं. मशीनची सुई बोटात मोडली तर चिमट्याने कोरत बसू नका, सरळ दवाखान्यात जा, फोटो काढून तुकडा कुठे आहे ते बघावं लागतं.

कापडावर रक्ताचा थेंब पडला तर गार पाणी, गरम कधीच नाही. जुजदानाच्या कापडावर पडला तर मात्र आमच्याकडे कुणी धूतही बसत नाही, तो तुकडाच बाजूला निघतो.

इस्त्रीचा चटका हा शिलाईचाच भाग. त्यावर टूथपेस्ट, शाई, बटाटा, सगळं लावलेलं पाहिलं आहे. नळाखाली वीस मिनिटं हात धरणं एवढाच इलाज, आणि वीस मिनिटं उभं राहायचा धीर कुणाला नसतो, म्हणून टूथपेस्ट.

डोळ्यांबद्दल आम्ही जरा कडक आहोत. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसणं हा आजार नाही, आपल्या भाषेने तर चष्म्यालाच ‘चाळीशी’ नाव दिलं आहे. तरी घरातल्या लहान पोरीला हाक मारून सुई ओवून घेतली जाते आणि डोळ्यांत गुलाबपाणी घातलं जातं. गुलाबपाण्याने नंबर जात नाही, आणि बाजारातली बाटली डोळ्यांत घालण्याइतकी निर्जंतुक नसते. सुरम्याचं बोलणं नाजूक आहे, कारण तो आपल्या घरांत श्रद्धेने लावला जातो. पण बाजारातल्या कितीतरी सुरम्यांत शिसं निघालं आहे, आणि शिसं लहान मुलांना आणि गरोदर बाईला फार वाईट. थकलेल्या डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवा. खिडकी डाव्या खांद्याकडे घ्या, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. सुईच्या नेढ्यामागे पांढरा कागद धरला की दोरा पटकन जातो. आणि चष्मा करून घ्या.

रमजानमध्ये शिवताना डोकं दुखतं ते बहुतेक वेळा पाण्याने आणि चहाने. दिवसाला पाच कप पिणारीचा चहा पहिल्या रोजाला एकदम सुटतो. शाबानपासून एकेक कप कमी करत गेलं तर कपाळाला बाम कमी लागतो. तरावीहनंतर रात्री एक वाजेपर्यंत बल्बखाली गोटा लावणाऱ्यांना आमच्याकडे काही उपाय नाही. शरारा ईदच्या दिवशी सकाळीच पूर्ण व्हायचा असतो.

आता खालाबद्दल. गल्लीतल्या सगळ्यांत सुबक टाका तिचा. गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा दुखायला लागला. “मशीन का दर्द है बी, जाएगा,” असं म्हणून तिने पाच महिने काढले. गल्लीतला प्रत्येक इलाज झाला: लसणाचं तेल, रोगन, मेथीचा लेप, रात्री हळद-दूध. अंबाडा बांधायला हात मागे जाईना, तर तिने वेणी घालायला नातीला शिकवलं. कुणाला काही कळलं नाही, कारण ती कुणाला सांगत नव्हती. सांगितलं असतं तर मशीन उचलून माळ्यावर गेलं असतं. सुनेच्या लक्षात आलं ते नमाजच्या वेळी. तकबीरला खालाचा डावा हात वर जातो, उजवा छातीपाशीच थांबतो. सून तिला दुसऱ्या दिवशी घेऊन गेली. डॉक्टरांनी खांदा पाहिला, मग बोट पाहिलं. महिन्यापूर्वी सुई टोचलेली जागा अजून भरली नव्हती. उपाशीपोटीची साखर २४० निघाली. खांदा आखडला होता, फ्रोझन शोल्डर म्हणतात ते, आणि मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त होतो.

तेलाने तिचं नुकसान केलं नाही. तेलाने तिला थोडा थोडा आराम दिला, आणि त्या थोड्या आरामावर पाच महिने निघाले.

म्हणून आता आमच्यात कुरकुर लपवायची नाही असं ठरलं आहे. दोन आठवडे शेकूनही दुखणं हटत नसेल तर दवाखाना. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकावा लागत असेल, तर मनगटातली शीर दबलेली असू शकते; तिथे मालिश कामाची नाही, मनगट सरळ ठेवणारा पट्टा लागतो, आणि साखर व थायरॉईड तपासावं लागतं. हाताबरोबर छातीत दडपण, जबड्यात दुखणं, घाम, धाप असेल तर ते मशीनचं दुखणं नाही, त्याच क्षणी निघायचं. साखर असणाऱ्या बाईने पाय गरम पाण्यात घालण्याआधी पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. तिच्या पायांची जाणीव कमी झालेली असते, कातडी भाजते तरी कळत नाही.

खालाला व्यायाम दिला आहे: भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंतीवर हळूहळू चढायचं. बोटं जिथे थांबतात तिथे ती शिंपीखडूने रेघ मारते. सोप्यातल्या भिंतीवर पहिली रेघ कमरेच्या थोडी वर आहे, गेल्या जुम्म्याची डोळ्यांच्या पातळीवर. डॉक्टरांनी काही आठवडे मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं. चार दिवस तिने ऐकलं. पाचव्या दिवशी आम्ही गेलो तर ती डाव्या हाताने काज करायला शिकत होती, आणि सून शेजारी बसून सुई ओवून देत होती.