१७ अंशांची थंडी

परवा रात्री आठ वाजता पनवेलहून मित्राचा फोन आला. त्याच्याकडे सकाळचे साडेसहा. अंगणातल्या नळावर तोंड धुऊन तो नुकताच ओट्यावर येऊन बसला होता आणि आवाजात हुडहुडी होती. "काय मरणाची थंडी पडलीय रे! बोटं वळत नाहीत," तो म्हणाला. किती आहे, मी विचारलं. "सतरा." मला बसस्टॉपवरून घरी येऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. बाहेर उणे १४ होतं, बुटांवर रस्त्यातल्या मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते. तोंडून निघून गेलं, "सतरा म्हणजे आमच्याकडे जूनमधली रात्र. तिला थंडी म्हणत नाहीत."

तो क्षणभर गप्प राहिला, मग "बरोबर आहे" म्हणाला आणि मुलीच्या परीक्षेचं बोलू लागला. फोन ठेवल्यावर ते "बरोबर आहे" मला टोचत राहिलं. गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य वडिलांना ऐकवलं, बहिणीला ऐकवलं, ऑफिसच्या कामाने पुण्याला बोलताना तिथल्या लोकांनाही ऐकवलं. थंड मुलुखात राहायला आलेला बहुतेक मराठी माणूस ते कधी ना कधी ऐकवतोच. त्या रात्री पहिल्यांदा मी ते तपासून पाहिलं आणि माझी खात्री झाली की ते चूक आहे.

माझ्या भिंतीवरच्या काट्यावर २१ अंश होते. असणारच. थंडीच्या महिन्यांत भाड्याच्या घरात किमान २१ अंश ठेवलेच पाहिजेत, असा टोरोंटो शहराचा नियम आहे. पनवेलच्या मित्राच्या घरात त्या वेळी किती असतील? बाहेर होते तेवढेच, फार तर एखादा जास्त. आपली घरं उकाड्याशी झुंजायला बांधलेली असतात. समोरासमोर खिडक्या, खिडकीच्या वर झरोका, पायाखाली फरशी. मार्चपासून पावसापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात त्या घराचं एकच काम, आतली ऊब बाहेर काढून टाकायची. जानेवारीत ते घर वेगळं वागत नाही. म्हणजे मी टी-शर्टवर २१ अंशांत बसून ज्याला थंडी शिकवत होतो, तो माणूस माझ्यापेक्षा चार अंश थंड जागेत, पातळ शालीत बसला होता. रात्रभर तो तिथेच झोपला होता, आणि आता त्याच हवेत ओल्या अंगाने न्हाणीघरातून बाहेर येणार होता.

मी उघड्यावर किती वेळ असतो तेही मोजलं. सकाळी स्टॉपवर ११ मिनिटं, संध्याकाळी ९. तीही अंगावर तीन थर, टोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे चढवून. दिवसाची २० मिनिटं मी थंडीला भेटून येतो. मित्राकडे ती मुक्कामाला येते.

आपल्या हवामान खात्याला हे माहीत आहे, याचं मला बरं वाटतं. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायची तर किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली उतरावं लागतं. समुद्राकाठी तसं क्वचितच घडतं. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, तो आजवरचा नीचांक. म्हणून किनारपट्टीसाठी खात्याने मोजपट्टी वेगळी ठेवली आहे. तिथे पारा नेहमीच्यापेक्षा साडेचार अंशांनी घसरला की लाट मानता येते. तुमच्या अंगाला ज्याची सवय आहे त्यापेक्षा किती खाली, असा तो हिशेब आहे. तो मला न्याय्य वाटतो.

इथला हिशेब वेगळा. इथे रोज दोन आकडे सांगतात, एक पाऱ्याचा आणि एक वाऱ्याचा, ज्याला विंडचिल म्हणतात. बिल्डिंगच्या लिफ्टमधल्या पडद्यावरही दोन्ही दिसतात. उणे १४ आणि खाली "जाणवतं उणे २३". ही कल्पना मूळची अंटार्क्टिकातली. सायपल आणि पॅसेल या दोन अमेरिकनांनी वाऱ्यात टांगलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते पाहून १९४५ मध्ये ती मांडली. आज वापरात असलेला आकडा मात्र २००१ चा आहे आणि त्याच्या चाचण्या याच शहरात झाल्या. सहा बायका आणि सहा पुरुष थंडगार वाऱ्याच्या बोगद्यात चालत्या पट्ट्यावर चालले. त्यांच्या चेहऱ्यांवर तापमान टिपणारी यंत्रं लावली होती. तो आकडा माणसांच्या गालांवरून घेतला आहे, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण ते गाल उघड्या माळावर चालणाऱ्याचे. पहाटे गार फरशीवर अनवाणी उभं राहून देवाची भांडी घासणाऱ्या बाईला काय जाणवतं, त्याचा आकडा अजून कोणी काढलेला नाही.

आमच्या लहानपणी पनवेलला आकडाच नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्या आळीत टीव्ही आला तो त्यानंतर दहाएक वर्षांनी, आणि आला तो या मित्राच्या घरी. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, दारांना कुलूप. संध्याकाळच्या मराठी बातम्या संपता संपता हवामान सांगत: कुलाबा येथे कमाल इतकं, किमान इतकं, सांताक्रूझ येथे कमाल इतकं, किमान इतकं. पनवेलचं नाव येत नसे. मित्राचे वडील भिंतीला टेकून ऐकत, सांताक्रूझचा आकडा आला की मान हलवत आणि म्हणत, "म्हणजे आपल्याकडे दोन कमी." ते वजा दोन त्यांनी कुठून आणलं होतं, मी कधी विचारलं नाही. पण समुद्र लांब आणि माथेरान-कर्नाळ्याचे डोंगर जवळ, तेव्हा रात्री आमच्याकडे जास्त गार असणार हे त्यांचं म्हणणं खरंच असावं. घरात मोजायचं दुसरं साधन होतं खोबरेल तेल. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. बाटलीतलं तेल पांढरं झालं की आजी ती उन्हात ओट्याच्या कडेला नेऊन ठेवायची आणि थंडी आली असं जाहीर करायची. इथे माझी बाटली अख्खा हिवाळा पांढरीच असते, २१ अंशांत दुसरं काय होणार.

शनिवारी मराठी सिनेमा असे. आम्ही दहा-बाराजण त्यांच्या शहाबादी फरशीवर बसायचो. तिचा गारवा चड्डीतून वर चढायचा, आणि मध्यंतराच्या सुमाराला मित्राची आई आतून गोधडी आणून आमच्या अंगावर टाकायची. एका गोधडीत पाचजण. कडेच्या दोघांची एक बाजू उघडी राहायची, म्हणून जागा बदलत राहायचो. त्या सिनेमांतले प्रसंग मला आठवत नाहीत. गोधडीचा आतला भाग जुन्या नऊवारीचा होता, जांभळा, धुऊन धुऊन मऊ झालेला, आणि तिला वाळत घातलेल्या उन्हाचा आणि चुलीच्या धुराचा असे दोन्ही वास यायचे. ते सगळं आठवतं. इथे मोठ्या पडद्यावर, गरम खोलीत, हवा तो सिनेमा हव्या त्या वेळी दिसतो. सोय मोठी आहे. पण खोली उबदार असली की माणसं एकमेकांना खेटून बसत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे.

यावर मी नेहमी पोपटीचा, म्हणजे आमच्याकडे शेतात मडक्यात भाजतात त्या वालाच्या शेंगांचा, दाखला देतो. पोपटीत मडक्याचं तोंड पाल्याने घट्ट बंद असतं, जाळ बाहेर असतो आणि आतल्या शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. टोरोंटोचं घरही तसंच बंद मडकं. थंडी बाहेर, खिडक्यांना दुहेरी काचा, पाल्याच्या बुचासारखी एकामागे एक दोन दारं, आणि आत आम्ही आपापल्या वाफेवर. फरक इतकाच की पोपटीचं मडकं उघडतं तेव्हा भोवती पंधरा माणसं उभी असतात. इथलं मडकं उघडतं तेव्हा एक माणूस बाहेर पडतो आणि गाडीत बसतो. इथली माणसं मायेची नाहीत असं मी म्हणत नाही. मागच्या हिवाळ्यात मी तापाने पडलो होतो, तेव्हा शेजाऱ्याने न सांगता तीन दिवस माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसला. पण बर्फ उपसून तो घरी गेला. शेकोटी पेटवून बसायचं निमित्त म्हणून थंडीकडे पाहायचं, हे मला रायगडातच दिसलं.

तर या जानेवारी-फेब्रुवारीत जे घरी जाणार आहेत त्यांच्यासाठी पोपटीचं नीट लिहून ठेवतो, कारण मागच्या खेपेला दोघांनी विचारलं आणि घाईत मी अर्धवट सांगितलं. भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या शेंगा डिसेंबरअखेर भरू लागतात. शेंग भरलेली पण हिरवी हवी, पिवळी पडलेली नको. दुसरी अडणारी वस्तू म्हणजे भांबुर्डीचा पाला. तो बांधावर आपोआप उगवतो आणि त्याच्यावाचून पोपटीला पोपटीचा वास येत नाही. मी इथे कोबीची पानं आणि गोठवलेल्या शेंगा घेऊन ओव्हनमध्ये करून पाहिली. उकडलेल्या शेंगा झाल्या, एवढंच. पाला सामानात घालून आणायच्या भानगडीत पडू नका, विमानतळावर अडवतात.

मडकं वाजवून घ्या, चिरलेलं नको. तळाशी पाल्याचा जाड थर द्या. त्यावर धुतलेल्या शेंगा सालासकट, खडेमीठ आणि ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी, आणि मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून. वर पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंडाशी पाला इतका दाबून भरायचा की मडकं उलटं केलं तरी काही सांडू नये, कारण ते उलटंच ठेवायचं असतं. उलटं ठेवलं की जाळ आणि राख आत शिरत नाही आणि वाफ आतच कोंडते. भोवती गोवऱ्या, पेंढा, सुक्या काटक्या रचून पेटवा. टायर-प्लॅस्टिक चुकूनही नको. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडा. चर्र होऊन लगेच सुकलं की झाली. ओल्या गोणपाटाने धरून बाहेर काढा. ज्यांच्याकडे कोंबडी चालत नाही त्यांचं मडकं वेगळं लावतात, आणि तेच आधी संपतं. शेत दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओता.

हे शेत आता किती दिवस मिळेल, ही मला खरी काळजी आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली, पनवेल तिथून हाकेच्या अंतरावर. दिल्लीवरून आलो तर मुंबई विमानतळावरून घरी यायचा रात्रीचा सायन-पनवेल मार्ग कायमचा सुटला. पण त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही-कोपर अशी गावं उठली. ज्यांच्या बांधावर भांबुर्डी उगवत होती त्यांना घरं बांधायला भूखंड मिळाले, पण भूखंडावर वाल पेरता येत नाही. विमानतळ नको असं मी म्हणणार नाही, त्यावरूनच तर मी जातो. एवढंच म्हणेन की हायवेच्या कडेला पोपटी आता विकत मिळते, आणि जी गोष्ट गावात कोणी विकत नव्हतं ती विकत मिळू लागली की तिचं शेत कुठेतरी कमी झालेलं असतं. मित्राचं शेत गोवा हायवेवर शिरढोणच्या अलीकडे आहे. दलाल दर महिन्याला येऊन जातो. अजून तरी त्याने नाही म्हटलं आहे.

काल मीच त्याला फोन केला. सकाळी साडेसहालाच, त्याच्या. किती आहे, हे विचारलं नाही. पांघरायला काय घेतलंयस, असं विचारलं. "आईची गोधडी," तो म्हणाला. "ती जांभळी?" "तीच. वरचं कापड दोनदा बदललं, आतलं तेच आहे." मग मी परवाच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्याच्या ते लक्षातही नव्हतं, असं तो म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही.

परदेशात राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. या महिन्यात घरून कोणी थंडी पडली म्हणून सांगितलं, तर आपल्या खिडकीबाहेरचा आकडा सांगू नका. आंघोळीला गरम पाणी आहे ना, रात्री पायांत मोजे घालता ना, ते विचारा. म्हाताऱ्या माणसांना तर नक्की विचारा.

शेंगा भरल्या आहेत, असं मित्राने सांगितलं. मी ३१ तारखेला सकाळी पनवेलला पोचतो. पोपटी त्याच रात्री लावायची ठरली आहे, शिरढोणच्या अलीकडच्या शेतात.